नायफायमधली रांग पुढे सरकत नाही: फाइली कोणी धरून ठेवल्यात ते कसं शोधायचं

दोन प्रोसेसरांना जोडणाऱ्या कनेक्शनवरचा, म्हणजे रांगेचा, आकडा वाढतोय, पुढचा प्रोसेसर चालू असल्याची हिरवी खूण दिसतेय, बुलेटिन (चुकीची सूचना) एकही नाही, आणि तरी एकही फ्लोफाइल (फ्लोमधून वाहणारा डेटाचा एक नग) पुढे जात नाही. अपाची नायफाय, म्हणजे डेटा टप्प्याटप्प्याने एकीकडून दुसरीकडे नेणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक प्रोसेसर. वाईट म्हणजे ती पुन्हा पुन्हा येते, कारण बहुतेक ठिकाणी रांग रिकामी करून किंवा सर्व्हर रीस्टार्ट करून वेळ मारून नेली जाते आणि मूळ कारण तसंच राहतं.

उदाहरणासाठी कोल्हापूर जिल्ह्यात कुठेही चालेल असा फ्लो घेऊ. गावोगावच्या दूध संस्थांमधून सकाळ-संध्याकाळ संकलनाची सीएसव्ही फाइल एसएफटीपीने येते. तिच्यात सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) असतं. फाइल तपासली जाते, तिच्या ओळी सुट्या होतात, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरल्या जातात आणि पाळी संपल्यावर हिशेब विभागासाठी एकत्र फाइल बनते. बाजूला एक छोटी शाखा पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी घेते, कारण पावसाळ्यात दुधाच्या टँकरचे रस्ते त्यावर ठरतात. अशा फ्लोमध्ये अडकलेली एक ओळ म्हणजे कुणाच्या तरी दूध बिलातून गळलेली एक पाळी. म्हणून खालचा क्रम जपून पाळा.

आधी काय करू नये

'एम्प्टी क्यू' दाबू नका. त्याने फ्लोफाइल पुढे जात नाहीत, पुसल्या जातात. डेटा प्रॉव्हेनन्समधून (प्रत्येक फ्लोफाइलच्या प्रवासाच्या नोंदींतून) रीप्ले करता येतं हे खरं, पण अर्काइव्हमध्ये (जुन्या मजकुराच्या साठ्यात) मजकूर शिल्लक असेल तरच.

रीस्टार्टही लगेच नको. थ्रेड (प्रोसेसरचं काम प्रत्यक्ष करणारा धागा) कुठे अडकला याचा एकमेव पुरावा चालू जेव्हीएममध्ये (नायफाय ज्यात चालतं त्या जावा यंत्रणेत) असतो आणि रीस्टार्टबरोबर तो जातो. बुलेटिनही ५ मिनिटांत पडद्यावरून नाहीशी होतात, त्यामुळे बुलेटिन दिसत नाही म्हणजे चूक झालीच नाही असं समजू नका. लॉग फोल्डरातली नायफाय-ॲप नावाची फाइल उघडा आणि रांग वाढायला लागली त्या वेळेपासून वाचा.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. बॅकप्रेशरची (रांग भरली की मागच्या प्रोसेसरला थांबवण्याची) मूळ मर्यादा १०,००० फ्लोफाइल किंवा १ जीबी असते, पण ती सैल मर्यादा आहे. प्रोसेसरला पुढची पाळी द्यायची की नाही एवढंच ती ठरवते. एकाच खेपेत मोठी फाइल फोडणारा प्रोसेसर ६०,००० तुकडे एकदम रांगेत टाकू शकतो. १०,००० च्या रांगेत ६०,००० दिसले तर तो बिघाड नाही. कनेक्शनवरची पट्टी ८५ टक्क्यांच्या पुढे लाल होते, तीही फक्त मर्यादा जवळ आल्याचं सांगते.

निदान: दोन आकडे आणि एक यादी

रांगेच्या पुढचा प्रोसेसर बघा. त्याच्यावर 'टास्क्स/टाइम' म्हणून ५ मिनिटांचा आकडा असतो आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात चालू थ्रेडची संख्या असते. या दोन आकड्यांवरून निम्मं काम होतं.

टास्क शून्य आणि थ्रेडही शून्य: प्रोसेसरला पाळीच मिळत नाहीये. तो थांबलेला किंवा अवैध असेल, त्याच्या पुढची रांग भरलेली असेल, त्याचं क्रॉन (ठरलेल्या वेळी चालवायचं) वेळापत्रक चुकलं असेल, किंवा थ्रेडचा साठा संपला असेल.

टास्क शून्य पण थ्रेड १, आणि तो हलत नाही: प्रोसेसर आत अडकलाय. डेटाबेस, एसएफटीपी किंवा बाहेरचा प्रोग्राम उत्तर देत नाही.

५ मिनिटांत सुमारे ३०० टास्क, आणि 'इन' (रांगेतून घेतलेल्या फ्लोफाइल) शून्य: प्रोसेसर प्रयत्न करतो, अपयशी होतो, सगळं मागे घेतो आणि १ सेकंद थांबतो. ही यील्डची, म्हणजे अपयशानंतर प्रोसेसरने थांबण्याची, मूळ मुदत आहे. कारण लॉगमध्ये हमखास सापडतं.

टास्क हजारोंनी आणि रांग तेवढीच: तो कशाची तरी वाट बघतोय, किंवा तीच फाइल फिरून परत येतेय.

आता कनेक्शनवर उजवी क्लिक करून 'लिस्ट क्यू' उघडा. यादीत पहिल्या १०० फ्लोफाइलच दिसतात. रांग २०,००० च्या वर गेली की जास्तीच्या फ्लोफाइल १०,००० च्या गठ्ठ्यांनी डिस्कवर जातात, त्याही यादीत येत नाहीत. पण आकडा छोटा, म्हणजे ४७ किंवा १३९ असा असताना यादी पूर्ण रिकामी दिसली तर तो सगळ्यात उपयोगी धागा आहे.

आकडा आहे, यादी रिकामी

याचा अर्थ फ्लोफाइल पुढच्या प्रोसेसरने उचलल्या आहेत, पण त्याचं सत्र (उचलण्यापासून काम नोंदवेपर्यंतची एक खेप) पूर्ण झालेलं नाही. तोपर्यंत त्या रांगेच्या मोजणीत राहतात, यादीत मात्र येत नाहीत. 'एम्प्टी क्यू' केलं तरी त्या जात नाहीत, म्हणून अनेकांना वाटतं की आकडाच चुकलाय. आकडा बरोबर असतो.

पहिला संशयित मर्जकंटेंट किंवा मर्जरेकॉर्ड, म्हणजे अनेक फ्लोफाइल जोडून एक करणारे प्रोसेसर. हे प्रोसेसर फ्लोफाइल आपल्या बिनमध्ये (जोडायच्या गठ्ठ्यात) भरून ठेवतात. किमान संख्या ५०० ठेवली, पण त्या संस्थेचे सभासदच ३२० असले तर बिन कधीच भरणार नाही. 'मॅक्स बिन एज' मुळात रिकामं असतं, म्हणजे वाट पाहण्याला मुदतच नाही. आमचा ठाम आग्रह आहे की मर्ज प्रोसेसर या मुदतीशिवाय चालू करूच नये. सकाळच्या पाळीसाठी २० ते ३० मिनिटं पुरतात. पावसाळ्यात गगनबावडा, शाहूवाडीकडच्या फाइली उशिरा येत असतील तर ती वाढवा, पण रिकामी ठेवू नका.

याच प्रोसेसरमध्ये एक पक्की कोंडी लपलेली असते. किमान संख्या १५,००० आणि त्याच कनेक्शनची बॅकप्रेशर मर्यादा १०,००० असं ठेवलं तर काय होतं? बिनमधल्या फ्लोफाइल रांगेतच मोजल्या जातात. रांग १०,००० वर पोचली की मागचा प्रोसेसर थांबतो, आणि १५,००० चा आकडा कधीच गाठला जात नाही. दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत बसतात आणि लॉगमध्ये एक ओळही येत नाही. उपाय असा: मर्जच्या आधीच्या कनेक्शनची मर्यादा किमान संख्येच्या दुप्पट तरी ठेवा, किंवा मर्ज दोन टप्प्यांत करा, आधी संस्थेगणिक आणि मग तालुक्यागणिक. फ्लोफाइलची संख्या मोठी असेल तर दोन टप्पेच बरे, कारण प्रत्येक फ्लोफाइलचे ॲट्रिब्यूट (तिच्यासोबतची माहिती) हीपमध्ये, म्हणजे जेव्हीएमच्या मेमरीत, जागा खातात.

बिनची संख्याही तपासा. मर्जकंटेंटमध्ये ती मुळात ५ असते. संस्था कोडवर गट करत असाल आणि संस्था २०० असतील तर पाचाच्या पुढे जुनी बिन अर्धवट असतानाच बाहेर ढकलली जाते. डीफ्रॅगमेंट पद्धत (फोडलेल्या फाइलीचे सगळे तुकडे परत जोडणारी) निवडली असेल तर अशी अर्धवट बिन थेट फेल्युअरला, म्हणजे अपयशी फाइलींच्या वाटेला, जाते. मग 'रांग अडकली' ही तक्रार मर्जच्या आधी नव्हे, फेल्युअरच्या कनेक्शनवर दिसते आणि शोध भलतीकडे सुरू होतो.

दुसरा संशयित म्हणजे अडकलेला थ्रेड. त्याचं पुढे सविस्तर येतंच.

यादीत फाइली दिसतात, पण जात नाहीत

यादीतला 'पेनलाइज्ड' रकाना बघा. तिथे 'हो' असेल तर बहुतेक वेळा फाइल एकदा अपयशी होऊन शिक्षेवर, म्हणजे सक्तीने थांबवलेली, आहे. मूळ मुदत ३० सेकंद. फेल्युअर रिलेशनशिप (प्रोसेसरमधून बाहेर पडण्याची वाट) त्याच प्रोसेसरवर परत वळवली असेल तर एक खराब फाइल दर ३० सेकंदांनी फिरत राहते. फॅटच्या रकान्यात आकड्याऐवजी रेघ आलेली फाइल हजार वेळा प्रयत्न करूनही पोस्टग्रेसमध्ये बसणार नाही. अशा फाइलींसाठी वेगळी रांग करा, माणसाने रोज बघायची.

१.१६ आवृत्तीपासून रिलेशनशिपवरच 'रिट्राय' लावता येतो. सोय चांगली आहे, पण रिट्राय होणारी फाइल मागच्याच रांगेत परत येते आणि दर प्रयत्नाला थांबण्याची मुदत दुप्पट होत १० मिनिटांपर्यंत जाते. मूळ १० प्रयत्न तसेच ठेवले तर फाइल अर्ध्या तासाहून जास्त वेळ अडकल्यासारखी दिसते. त्यातही 'यील्ड' हा पर्याय निवडला असेल तर तिच्या मागच्या चांगल्या फाइलीही थांबतात. 'पेनलाइज' निवडा आणि प्रयत्न ३ ठेवा.

'पेनलाइज्ड' असो वा नसो, पुढे पुटएसक्यूएल (डेटाबेसमध्ये एसक्यूएल चालवणारा प्रोसेसर) असेल तर त्याची 'सपोर्ट फ्रॅगमेंटेड ट्रान्झॅक्शन्स' ही सेटिंग लगेच बघा. ती मुळात चालू असते. तिचा अर्थ असा की एका फाइलीचे १४० तुकडे झाले असतील तर १४० च्या १४० रांगेत येईपर्यंत एकही भरायचा नाही. मध्येच तपासणीत एक ओळ चुकीची ठरून बाजूला गेली की उरलेल्या १३९ कायमच्या अडकतात. बुलेटिन नाही, चूक नाही, प्रोसेसर हिरवा. ओळखायची खूण सोपी आहे: यादीतल्या फ्लोफाइलचे ॲट्रिब्यूट उघडा. 'फ्रॅगमेंट आयडेंटिफायर' सगळ्यांचा एकच आणि 'फ्रॅगमेंट काउंट' रांगेतल्या संख्येपेक्षा जास्त दिसला की निदान पक्कं. ओळी एकमेकींवर अवलंबून नसतील तर ही सेटिंग बंद करा. अवलंबून असतील तर 'ट्रान्झॅक्शन टाइमआउट' भरा, म्हणजे अपुरा गठ्ठा फेल्युअरला जाईल आणि निदान दिसेल तरी. खरा उपाय मात्र फाइल न फोडण्याचा आहे. पुटडेटाबेसरेकॉर्ड पूर्ण सीएसव्ही एकाच फ्लोफाइलमधून भरतो. १४० ऐवजी १ फ्लोफाइल.

वेट (संकेत येईपर्यंत फाइल थांबवणारा) आणि नोटिफाय (तो संकेत देणारा) हे प्रोसेसर वापरत असाल तर वेटच्या रांगेतल्या फाइली संकेत हरवल्यामुळे थांबलेल्या असू शकतात. संकेत मॅप कॅशे सर्व्हरमध्ये राहतात आणि तिथल्या नोंदींची मूळ मर्यादा १०,००० आहे. ती भरली की आधीच्या नोंदी काढल्या जातात.

प्रोसेस ग्रुपच्या (एकत्र बांधलेल्या प्रोसेसरांच्या गटाच्या) दारात, म्हणजे इनपुट पोर्टच्या आधी रांग अडकली असेल तर ग्रुपची 'फ्लोफाइल कॉन्करन्सी' बघा. 'सिंगल फ्लोफाइल पर नोड' असेल तर ग्रुपच्या आतली शेवटची फाइल बाहेर पडेपर्यंत नवी आत येत नाही. आत कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फेल्युअर रांगेत पडून राहिलेली एकच फाइल पूर्ण दार बंद करते.

आणि दोन प्रोसेसरांचं वर्तुळ: अ कडून ब, ब चं फेल्युअर परत अ कडे. दोन्ही रांगा भरल्या की अ ला ब ची रांग भरलेली दिसते आणि ब ला अ ची. अशा वेळी एका कनेक्शनची मर्यादा तात्पुरती वाढवा, रांग वाहू द्या, मग वर्तुळ मोडा.

थ्रेड अडकलाय

'bin' नावाच्या फोल्डरातल्या नायफायच्या स्क्रिप्टला 'डंप' आणि फाइलचं नाव देऊन थ्रेड डंप (त्या क्षणी कोणता थ्रेड कुठे आहे याची यादी) घ्या. एक पुरत नाही. १० ते १५ सेकंदांच्या अंतराने तीन घ्या. 'टायमर-ड्रिव्हन प्रोसेस थ्रेड' या नावाने सुरू होणारे थ्रेड शोधा. तिन्ही डंपमध्ये तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तोच दोषी. सॉकेट वाचण्याच्या ओळीवर असेल तर समोरचं यंत्र गप्प आहे; कनेक्शन पूलकडून (डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या साठ्याकडून) कनेक्शन मिळण्याच्या ओळीवर असेल तर पूल संपलाय (मूळ ८ कनेक्शन).

डेटाबेसच्या बाबतीत बिल काढायच्या दिवशी हे हमखास घडतं. कोणीतरी बिलाची खूण करण्यासाठी संकलनाच्या ओळी अपडेट करतं आणि कमिट न करता खिडकी उघडी ठेवून उठतं. इकडे दुरुस्त फॅट अप्सर्टने (ओळ असेल तर बदल, नसेल तर नवी) भरायला आलेला पुटडेटाबेसरेकॉर्ड त्याच ओळींच्या लॉकसाठी थांबतो. त्याची 'मॅक्स वेट टाइम' मुळात शून्य, म्हणजे अमर्याद. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउटही मुळात शून्य. दोन्ही तसेच ठेवले तर तो जन्मभर थांबेल. पोस्टग्रेसच्या चालू सत्रांच्या तक्त्यात 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतलं जुनं सत्र शोधा आणि त्या माणसाला विचारून ते बंद करा. कायमचा उपाय तीन ठिकाणी करायचा: प्रोसेसरला ६० सेकंदांची मुदत, ड्रायव्हरला त्याहून थोडा जास्त सॉकेट टाइमआउट, आणि पोस्टग्रेसमध्ये उघड्या ट्रान्झॅक्शनला वेळेची मर्यादा. पूलमध्ये 'व्हॅलिडेशन क्वेरी'ही भरा, नाहीतर डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर पूल मेलेली कनेक्शनं वाटत राहतो.

गावाकडची वीज गेली आणि राउटर मध्येच बंद पडला की जोडणी तुटल्याचं आपल्या सर्व्हरला कळतच नाही. एसएफटीपी प्रोसेसरांना ३० सेकंदांचे टाइमआउट असतात. नेटवर्क हळू आहे म्हणून ते १० मिनिटांवर नेऊन ठेवू नका. एक्झिक्यूटस्ट्रीमकमांडने बाहेरची स्क्रिप्ट चालवत असाल तर वेळेची मर्यादा स्क्रिप्टच्या बाजूनेच घाला.

अडकलेला थ्रेड सोडवायचा असेल तर प्रोसेसर थांबवा आणि मग 'टर्मिनेट' करा. फ्लोफाइल रांगेत परत येतात. पण जुना थ्रेड जेव्हीएममध्ये जिवंत राहू शकतो आणि मागाहून त्याचं काम डेटाबेसमध्ये कमिटही होऊ शकतं. मग त्याच ओळी दुसऱ्यांदा भरल्या जातील. संस्था कोड, सभासद क्रमांक, दिनांक, पाळी आणि दुधाचा प्रकार यांवर युनिक की नसेल तर टर्मिनेट करण्याआधी ती घाला. एका पाळीचं दूध बिलात दोनदा लागणं हे न लागण्याइतकंच त्रासाचं आहे.

सगळाच फ्लो थांबलाय

अनेक प्रोसेसरांवर थ्रेड दिसतात आणि काहीच हलत नाही, तेव्हा डिस्क बघा. लॉगमध्ये 'अर्काइव्हच्या आकारमर्यादेमुळे लिहिता येत नाही, साफसफाईची वाट पाहतोय' अशा अर्थाची इंग्रजी ओळ शोधा. कंटेंट रिपॉझिटरीच्या (फ्लोफाइलींचा मजकूर जिथे राहतो त्या फोल्डराच्या) अर्काइव्हची मूळ मर्यादा डिस्कच्या ५० टक्के आहे, आणि तिच्या २ टक्के पुढे गेलं की नायफाय नवं लिखाण थांबवतं. हे टक्के पूर्ण पार्टिशनचे असतात. त्याच पार्टिशनवर डेटाबेसचा बॅकअप पडत असेल तर नायफायचा अर्काइव्ह जवळपास रिकामा असूनही ५२ टक्के भरतात आणि साफ करायला फारसं काही नसतं. बॅकअप हलवा, कंटेंट रिपॉझिटरीला वेगळं पार्टिशन द्या. रिपॉझिटरीतल्या फाइली हाताने कधीही पुसू नका. चालू फ्लोफाइलींचा मजकूर त्यांतच असतो.

जागा न सुटण्याचं एक छुपं कारण जुन्या फेल्युअर रांगा. अनेक छोट्या फ्लोफाइलींचा मजकूर डिस्कवर एकाच फाइलीत राहतो. त्यातली एक जरी कुठल्या रांगेत पडून असली तरी ती पूर्ण फाइल सुटत नाही. महिनोन्‌महिने कोणी न बघितलेल्या रांगा म्हणूनच महागात पडतात.

डिस्क ठीक असेल तर थ्रेडचा साठा. कंट्रोलर सेटिंग्जमध्ये टायमर-ड्रिव्हन थ्रेडची मूळ कमाल संख्या १० आहे. वरच्या पट्टीतला चालू थ्रेडचा आकडा सतत तिथेच टेकलेला असेल तर समरीमध्ये जाऊन सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रोसेसर शोधा. सीपीयूच्या कोअरच्या २ ते ४ पट थ्रेड ही सर्वसाधारण मोजदाद; ४ कोअर असतील तर ८ ते १६. अडकलेले थ्रेडच साठा खात असतील तर कमाल वाढवून उपयोग नाही, नवे थ्रेडही त्याच ठिकाणी जाऊन अडकतात.

क्लस्टर (एकत्र चालणारे अनेक सर्व्हर) असेल तर समरीमधून प्रत्येक नोडची, म्हणजे त्यातल्या प्रत्येक सर्व्हरची, रांग वेगवेगळी बघा. बहुतेक वेळा सगळा आकडा एकाच नोडवर निघतो. लोड बॅलन्सिंगचा ६३४२ पोर्ट फायरवॉलमध्ये बंद असणं किंवा तो नोड क्लस्टरमधून तुटलेला असणं ही दोन कारणं आधी तपासा. फक्त प्रायमरी (क्लस्टरने निवडलेल्या एका) नोडवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या आधी रांग असेल आणि प्रायमरी बदलला तर जुन्या प्रायमरीवरच्या फाइली तिथेच राहतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

'फ्लोफाइल एक्स्पिरेशन' (रांगेतली फाइल आपोआप पुसण्याची मुदत) मुळात ० सेकंद, म्हणजे कधीच नाही. दुधाच्या शाखेत ते तसंच राहू द्या; संकलनाची ओळ वयामुळे पुसली जाता कामा नये. नदीच्या पातळीच्या शाखेत उलट करा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी चढत असताना चार तासांपूर्वीचा आकडा आधी दाखवणारी रांग दिशाभूल करते. तिथे एक्स्पिरेशन ३० मिनिटं आणि 'न्यूएस्ट फ्लोफाइल फर्स्ट' हा प्राधान्यक्रम लावा. एकाच फ्लोमधल्या दोन शाखांना एकच सेटिंग लावण्याची सवय मोडायला हवी.

प्रत्येक पाळीच्या वेळेत मॉनिटरअॅक्टिव्हिटी (ठरलेल्या मुदतीत फाइली आल्या नाहीत तर इशारा देणारा प्रोसेसर) लावून ठेवा. त्याची मूळ मुदत ५ मिनिटं आहे, ती दूध संकलनाला फार कमी. ३० मिनिटं ठेवा. रात्री फाइली येतच नाहीत, तेव्हाचे इशारे पुढे राऊटऑनॅट्रिब्यूटमध्ये वेळ तपासून गाळा, नाहीतर लोक इशारे वाचायचेच बंद करतात. डिस्कसाठी मॉनिटरडिस्कयुसेज हे रिपोर्टिंग टास्क ४५ टक्क्यांवर लावा, म्हणजे ५२ येण्याआधी हातात वेळ राहतो. आणि प्रत्येक फेल्युअर कनेक्शनला नाव द्या: 'फॅट रकाना चुकीचा', 'संस्था कोड सापडला नाही'. पहाटे फोन आल्यावर कॅनव्हास उघडणाऱ्याला नुसतं 'फेल्युअर' वाचून काही कळत नाही.